बाहेरचं काम

"तुमच्या गावात लेकीसुनांवर फार माया दिसते," अळंबीची योजना घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या. "सकाळपासून सात म्हातारे येऊन गेले. सगळ्यांचं एकच. आमच्या पोरीला बाहेरचं काम द्या."

खाणीचे जुने मुकादम कसनुसं हसले. आठवे म्हातारे तेच होते, पण त्यांना निदान बोलावणं तरी होतं.

खाणीचं जुनं ऑफिस बाईंनी आठ दिवसांत झाडूनपुसून घेतलं होतं. या भागाचा सगळा आर्थिक इतिहास त्यांनी एका तक्त्यात बसवून भिंतीवर लावला होता. पन्नास वर्षं दगड, वीस वर्षं काहीच नाही, आणि आता अळंबी. बंद खाणीत बारा महिने गारवा, अंधार आणि ओल. अळंबीला आणखी काय हवं? एकेचाळीस बायका आत मांडण्यांवर काम करणार, आठ जणी बाहेर धुण्याभरण्याला. वीस वर्षांनी गावात पगार येणार होता.

टेबलावर खाणीचा नकाशा पसरलेला होता. तो मुकादमांनीच काढलेला. वरचा डोंगर तोलून धरायला सोडलेले दगडाचे बहात्तर खांब, प्रत्येकी दहा फूट रुंद, कसे रेघेत उभे होते.

"खांब आजही असेच आहेत एवढं लिहा आणि खाली सही करा," बाई म्हणाल्या. "मी स्वतः आत जाऊन पाहिलंय. बुरुजासारखे आहेत हो."

"कितव्या ओळीपर्यंत गेलात?"

"तिसऱ्या. पुढे पाणी साचलंय, ते उपसून घेऊ."

खाण चालू होती तेव्हा तपासनीससाहेबही तिसऱ्या ओळीपुढे कधी गेले नाहीत. म्हणून तर त्या तीन ओळींना कोणी हात लावला नव्हता. मागचे खांब मात्र शेवटच्या वर्षी सगळ्यांनी मिळून सोलले. आयता दगड, आणि खाण तशीही बंदच होणार होती. दहा फुटांचा खांब तीन फुटांवर आला. गावातली एकही भिंत अशी नाही जिच्यात तो दगड नाही. मुकादमांनी तर वरचा मजला चढवला. पुढे कोणी तो विषय काढला नाही, बायकापोरांपाशीसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आज तेच सगळे इथे येऊन गेले होते, ताकाला जाऊन भांडं लपवत. कोणाच्या लेकीला दमा होता, कोणाची सून अंधाराला भीत होती.

"बाहेरची एकच जागा उरलीय," बाईंनी यादी पुढे ओढली. "वजनकाट्यावर. तुमच्या सूनबाईंना घालू?"

घरातून निघताना मुकादमांनी मनाशी पक्कं केलं होतं. सांगून टाकायचं. गाव थुंकलं तर थुंकू दे. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"घाला," ते म्हणाले. "तिचे गुडघे दुखतात."

सुनेचे गुडघे ठणठणीत होते. मुकादमांना स्वतःची किळस आली. ती आली आणि तशीच राहिली, पण तोंड काही उघडलं नाही.

बाईंनी नाव लिहून घेतलं.

"मग आत कोण जाणार?" मुकादमांनी विचारलं.

"ती काळजी नको. डोंगरापलीकडच्या गावातल्या बायका एका पायावर तयार आहेत. तिकडे तर काहीच नाही. आजच नावं द्यायला आल्यात."

"त्या गावातलं कोणी खाणीत कामाला होतं का?"

"नाही. का हो?"

"सहज विचारलं."

मुकादमांनी लिहिलं, सही केली. अक्षर पूर्वीसारखंच वळणदार आलं. त्याचीच त्यांना भीती वाटली.

बाहेर पायऱ्यांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. हसणं-खिदळणं चाललं होतं. पहिल्या पगाराचं काय करायचं यावरून दोघींचं लटकं भांडण जुंपलं होतं. मुकादमांना पाहून एक तरणी बाई उठली आणि तिने आपली पिशवी बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली. तिच्या खांद्यावर मूल झोपलं होतं.

"काका, तुम्ही खाणीतले ना? आत म्हणे भर उन्हाळ्यातही गार असतं."

"असतं."

"हा अजून अंगावर पितो हो. घरी ठेवायला कोणी नाही. बरोबर आत नेला तर चालेल का?"

मुकादमांची मान हलली. होकार होता की नकार, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"चालेल म्हणतायत गं!" तिने मागे वळून सगळ्यांना सांगितलं.