गोठ्याचं घर

गुरं विकल्यावर रिकामा पडलेला गोठा भाच्याने दोन महिने राबून आत्यासाठी राहण्याजोगा केला. गव्हाण फोडून ओटा बांधला, न घसरणारी लादी बसवली, न्हाणीत धरायला दांडी लावली. जन्मभर एकटी राहिलेली आत्या शहरातली खोली कायमची सोडून, दोन बॅगा घेऊन आली.

"अरे, गुरांनासुद्धा एवढा थाट नव्हता!" तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी भाचा जायला निघाला, तशी ती त्याच्यामागे दार लावायला उठली. दारावर वरपासून खालपर्यंत हात फिरवून ती थांबली.

"बाळ्या, याला आतून कडीच नाही रे."

"जुनंच दार आहे ना, आत्या. लाकूड चांगलं होतं, म्हणून ठेवलं. आणि गुरं थोडीच आतून कडी लावतात?"

दोघंही खळखळून हसली.

"मग उद्या एक बसवून दे, बाबा. मला आतून दार लावल्याशिवाय झोप येत नाही."

"कशाला उगाच खटाटोप? मी आहे ना! तू पड निवांत."



त्याने मायेने दार ओढून घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बाहेरून कडी घातली.