पोटातला साक्षीदार

व्याह्यांच्या पंगतीत साखर चढून झालेलं इस्पितळाचं बिल विमा कंपनीने नाकारलं, तेव्हा दत्ताराम पडवळ फोनवर तावातावाने म्हणाले, "जिलब्या मी खाल्ल्या नाहीत, व्याह्यांनी आग्रह करकरून घातल्या! हा अपघातच की!"

"तुमच्या कृत्रिम स्वादुपिंडालाच विचारू," कंपनीची बाई म्हणाली.

लगेच पडवळांच्या पोटातून नम्र आवाज आला, "हे 'नको, नको' म्हणाले होते."

"ऐका!" पडवळ खुलले.

"पण हाताच्या नसांवरून सांगतो, ताटावर हात धरला तो बोटं फाकवून. वाढपी पुढच्या पानाकडे सरकला, तर खाकरून थांबवलाही."

"गप्प बस, घरभेद्या!" पडवळांनी पोटावर चापट मारली.

"आग्रह झाला खरा," बाई हसू दाबत म्हणाली, "पण तो तुमचाच. दावा नामंजूर."

इतका वेळ शेजारी बसून ऐकणाऱ्या सुलभाताई नवऱ्याच्या पोटाकडे वळल्या. "बिलाचं बघू. आधी मला सांग, माझ्या पुरणपोळीला हे 'साखर वाढेल' म्हणून हात आडवा धरतात, तेव्हा बोटं कशी असतात?"

पडवळांनी घाईघाईने पोटावर उशी दाबली.

"घट्ट जुळलेली," उशीखालून आवाज आला. "तुपाचा थेंबसुद्धा गळणार नाही अशी."