कुरकुरणारं चाक
टाकून दिलेल्या व्हीलचेअर आम्ही वर्कशॉपमध्ये दुरुस्त करून दुसऱ्या मुलांना देतो. लेक गेल्यावर ह्याच कामानं मला उभं केलं. आज टेबलावर त्याचीच खुर्ची होती. मीच घरून आणलेली. “ताई, राहू द्या, मी करतो,” मिस्त्री म्हणाला. मी ऐकलं नाही. गादी बदलली, ब्रेक आवळले, लेकानं चिकटवलेली डायनासोरची चित्रं नखानं खरवडली. दुपारी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी खुर्चीत बसताच हसली. “डावं चाक कुरकुरतंय हो. तेल राहिलं का?” बाईनं विचारलं. “मुद्दामच नाही दिलं,” मी म्हणाले. “स्वयंपाकघरात पाठमोरं असलं तरी कळतं, पोर कुठवर आलंय ते.” मुलगी खुर्ची पळवत निघाली. मी पाने-पक्कड आवरत होते. कुरकुर दारापाशी पोचली आणि मी ओरडले, “सावकाश रे, उंबरा आहे!” वर्कशॉपला उंबरा नाही. तो आमच्या घराला आहे.