असलं ॲल्युमिनियम

"आपलं तर ॲल्युमिनियम. तुमचं काय? ॲल्युमिनियम का प्लास्टिक?"

पोहे अजून आत परतले जात होते, तेवढ्यात हिंदुरावांनी प्रश्न टाकलासुद्धा. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्यांच्या दिवाणखान्यात मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. अशा वेळी मुलाला पगार विचारतात, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा ते विचारतात. पण अभिनवच्या बायोडेटात छंद म्हणून 'रिमोट कार रेसिंग' लिहिलेलं होतं आणि हिंदुरावांनी बाकी काही न वाचता त्याला बोलावलं होतं. बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हापासून त्यांनी आपली सगळी हौस रिमोटच्या गाड्यांवर वळवली होती. दर रविवारी शेजारच्या टॉवरमागच्या मोकळ्या प्लॉटवर शर्यत व्हायची, आणि गुलाल पूर्वीइतकाच उधळला जायचा.

"कशाबद्दल म्हणताय?" अभिनवने सावधपणे विचारलं.

"आर्म. चाकं धरून ठेवत्यात त्ये."

अभिनवला उत्तर ठाऊक होतं, तीच पंचाईत होती. तिथे कुणाचंही म्हणणं खोडू नकोस, असं आईने फोनवर दोनदा बजावलं होतं. शिवाय मुलगी त्याला फोटोतच आवडली होती, अगदी झोप उडावी इतकी. पण खराडीच्या ऑफिसात आठवडाभर मॅनेजरला 'येस, येस' म्हणणाऱ्या या माणसाने हा एक छंद तेवढा खरं बोलण्यासाठी राखून ठेवला होता.

"प्लास्टिक," तो म्हणाला. "आपटलं की वाकतं आणि परत सरळ होतं. ॲल्युमिनियम एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. वर्ध्याहून खास या कार्यक्रमासाठी आलेले त्याचे वडील महिपती त्याच्या कानाशी पुटपुटले, "हो म्हनायले काय जाते बे तुह्यं?"

"प्लास्टिकची बादली असती," हिंदुराव म्हणाले. "पूर्णिमा, गाडी आन."

मुलगी बाहेर आली ती पोह्यांचा ट्रे न घेता, गाडी घेऊन. गाडीच्या टपावर गुलाल होता, पुढे लिंबू-मिरची लटकत होती आणि चाकांमधले आर्म चांदीसारखे चमकत होते.

"ह्ये बघा. कठड्यावर आपटली, दगडावर आपटली, पर आर्म वाकला न्हाई. पोरीनंच मागवलं आन पोरीनंच बसवलं. आमच्या रंगरावालाबी मीच सांगितलं, ॲल्युमिनियम घे. त्यानं घेतलं. तरीबी दर रविवारी हरतोय बिचारा."

रंगराव म्हणजे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी, आधी बैलांचे आणि आता बॅटरीचे.

अभिनवने गाडी हातात घेतली. ती फारच हलकी लागली. त्याने आर्मवर अंगठ्याचं नख ओढलं. चांदी नखाबरोबर निघून आली आणि खाली काळंभोर प्लास्टिक दिसलं.

त्याने वर पाहिलं. पूर्णिमाचा चेहरा उतरला होता. ती वडिलांच्या पाठीमागे उभी राहून मान इतकी हळू हलवत होती की ती फक्त त्यालाच दिसावी. नको.

तो बरोबर होता, आणि ते सिद्ध करायला फक्त अंगठा वर करायचा होता. आयुष्यात इतका बरोबर तो कधीच नव्हता. अंगठा वर केला असता तर तो वाद जिंकला असता आणि मुलगी मात्र घालवून बसला असता. त्याने अंगठा मुठीत दडवला.

"चुकलो मी, काका," तो म्हणाला. "असलं ॲल्युमिनियम मी आजवर पाहिलेलं नाही."

हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. महिपतींचा जीव भांड्यात पडला. पोहे आले, लाडू आले, आणि मग रिवाजाप्रमाणे मुलामुलीला बोलण्यासाठी गच्चीवर पाठवण्यात आलं.

"थँक यू," पूर्णिमा वर येताच म्हणाली. "बाबांना समजावून समजावून मी थकले हो. शेवटी ॲल्युमिनियमचं पार्सल रिटर्न केलं, प्लास्टिकच्या सेटवर सिल्व्हर स्प्रे मारला आणि दिला बसवून. त्यांना कळलं तर गावात तोंड दाखवणार नाहीत."

"पण रंग सारखा मारावा लागत असेल. खडीवर किती टिकणार?"

"छे! दिवाळीत एकदाच मारला. चांगला टिकलाय, नाही?"

अभिनवने मूठ उघडली. अंगठा रुपेरी झाला होता, शेजारच्या दोन बोटांनाही रंग लागला होता.

"हा ओला आहे," तो म्हणाला.

पूर्णिमाने त्याचा हात धरला, पहिल्यांदाच, आणि अंगठ्याचा वास घेतला. ताजा स्प्रे होता. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि तिने हात सोडला.

हिंदुराव वर आले. त्यांनी लेकीकडे पाहिलंच नाही. एक छोटी बाटली आणि जुन्या बनियनचा तुकडा त्यांनी कठड्यावर ठेवला.

"जावईबापू, साबनानं जात न्हाई त्ये. थिनर लागतंय."

ते माघारी वळले आणि दोन पायऱ्या उतरून थांबले.

"आन खाली कुनाजवळ बोलू नगा. रंगरावाचं ॲल्युमिनियम खरं हाय."