चौदावं पाखरू

"अहो, पण हे जिवंत आहे!" पेंढाकाका दचकून मागे सरकले.

"मग? मेलेलं आणायचं होतं का?" शिंपले विकणाऱ्या बाईने टोपली त्यांच्या टेबलावर ठेवली. आत ओल्या फडक्यात काळ्या डोक्याचं पाखरू होतं. पंखात नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा रुतलेला. बारा वर्षांत किनाऱ्यावर असं एकही दिसलं नव्हतं, आणि आता दिसलं तर हे असं.

बाईचं गणित सरळ होतं. गावात पाखरांतला जाणता माणूस एकच, संग्रहालयातले पेंढाकाका. तीस वर्षं मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून भरून त्यांचं खरं नावसुद्धा लोक विसरले होते. आता त्यांनी कुणाला सांगावं, की बाबांनो, माझ्याकडे पाखरू येतं ते मेल्यावर. जिवंत पाखरू कुठे धरायचं हेही मला ठाऊक नाही!

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते परगावी होते. ऊब द्या, पाणी पाजा, परवा सकाळी येतो, म्हणाले. काकांनी चिमट्याने जाळं सोडवलं. एरवी सुईइतक्या नेमक्या हाताने काम करणारे काका एकेका धाग्याला थांबून "दुखलं का रे?" विचारत होते. सुटल्यावर पाखरू टेबलावर उभं राहिलं. मान खांद्यांत पार ओढलेली, पाठ वाकलेली, एक पाय पोटाशी.

"संपलं हो हे," काका रडवेले झाले. "कसं आखडलंय बघा."

"आखडलंय कुठलं! असंच उभं राहतं ते. लहानपणी खडकांवर शेकड्यांनी पाहिलीत मी. रुसलेल्या सासूबाईंसारखी बसायची." बाईने काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "ती हो कुठली पाखरं? आपल्याकडची नाहीत ना?"

कपाटात तेरा पाखरं होती. सगळी काळ्या डोक्याची, सगळी इथलीच, सगळी काकांच्या हातची. मान ताठ, छाती पुढे, दोन्ही पाय टेकलेले. काकांनी ती समोरच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या तैलचित्रावरून बेतली होती. चित्र ट्रस्टच्या बाईसाहेबांच्या आजोबांनी काढलेलं, आणि संग्रहालयही त्यांनीच गावाला दिलेलं. तेव्हा चित्र चुकलं असेल, हे कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. पण समुद्र तर खिडकीतून दिसत होता! पाखरं होती तेव्हा एकदा उठून खडकापर्यंत जायला काकांना काय धाड भरली होती?



दोन दिवस ते पाखराजवळून हलले नाहीत. ड्रॉपरने पाणी पाजलं. माशाचे बारीक तुकडे चोचीशी धरले. "खा रे राजा, एवढं एक खा," म्हणून विनवण्या केल्या. पाखराने ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर संग्रहालयाचा जिना चढत होते, तेवढ्यात ते गेलं.

काका लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून कामाला लागले. वाचवता आलं नाही, निदान होतं तसं तरी लोकांना दिसू दे. मान आत, पाठ वाकलेली, एक पाय पोटाशी. मानेतली तार त्यांनी सात वेळा काढून पुन्हा वाकवली. शिंपलेवाल्या बाईला मुद्दाम बोलावून दाखवलं. "अगंबाई, तेच की हो!" ती म्हणाली.

महिनाअखेर बाईसाहेब पाहणीला आल्या. कपाटातल्या चौदाव्या पाखरासमोर बराच वेळ थांबल्या. काका कानांत प्राण आणून मागे उभे होते.

"एवढी मान सरळ करून घ्या हो याची," बाईसाहेब हळूच म्हणाल्या. "बाकीची कशी अगदी जिवंत वाटतात. हे एकच मेलेलं वाटतं."