तळव्याएवढा डाग

रेकॉर्ड संपली होती, तरी तिने हात उचलला नव्हता.

पॉलिशवाला दारातच थांबला. सुई शेवटच्या रेघेत गोल गोल फिरत होती. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती आणि त्याची बायको स्पीकरच्या उजव्या खोक्यावर तळवा टेकवून, डोळे मिटून बसली होती. त्याने पिशवी खाली ठेवली. ती हलली नाही. तो पुढे सरकला आणि त्याची सावली तिच्या तोंडावर पडली, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

"अगंबाई! कधी आलात?"

"आत्ताच. कुठे हरवली होतीस?"

"कुठे जाणार? इथेच तर आहे."

"इथे नव्हतीस," तो बुटांच्या नाड्या सोडायला वाकत म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही. अशा वेळी ती कधीच देत नसे.

लग्नाला आठ महिने झाले होते. तिचा पहिला नवरा जाऊन सहा वर्षं. ती आली ती दोन बॅगा आणि हा रेकॉर्ड प्लेअर घेऊन. पहिल्याची आणखी कुठलीही वस्तू तिने आणली नव्हती. प्लेअर मात्र तिने दिवाणखान्यात मांडला. रोज सकाळी कोरड्या मऊ फडक्याने ती तो पुसायची. सुईवरची धूळ बारीक कुंचल्याने, मागून पुढे, एकाच दिशेने काढायची. तिथे दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. इतक्या हळुवारपणे तिने आपला शर्टसुद्धा कधी घडी केला नाही, असं त्याला वाटायचं.

पण त्याला खरा सलत होता तो डाग.

उजव्या खोक्याच्या माथ्यावर, कडेजवळ, अक्रोडी रंग उडून लाकूड फिकट पडलं होतं. तळव्याएवढी जागा. पंचवीस वर्षं पॉलिशच्या धंद्यात काढलेल्या माणसाला ती वाचायला चष्मा लागत नव्हता. पाणी सांडून असा डाग पडत नाही, उन्हानेही नाही. रोज त्याच जागी हात टेकला, तर काही वर्षांनी असं होतं. पहिला नवरा तिथे हात ठेवून गाणी ऐकत असणार. आणि आता रोज संध्याकाळी ती बरोबर त्याच जागी आपला हात ठेवत होती. त्याच्या हातात हात दिल्यासारखा.

"तासाभराचं काम आहे," तो एकदा म्हणाला होता. "आपल्याच घरात असा डाग! लोक मला हसतील."

"हसू देत. तेवढं राहू द्या ना," ती त्याच्या तोंडाकडे एकटक बघत म्हणाली होती. तिला ती सवयच होती. आपल्या चेहऱ्यात ती पहिल्याचा चेहरा शोधते, अशी त्याची खात्री झाली होती.

त्यात रविवारी ताई येऊन तेल ओतून गेली.

"चार वेळा फोन केला तुझ्या बायकोला. उचलेल तर शपथ! मेसेज टाकला की मात्र टुणकन उत्तर. माझा आवाज टोचतो वाटतं बाईसाहेबांना?"

"तिचं लक्ष नसतं गं, ताई."

"असतं रे! आपल्याकडे नसतं, एवढंच. तूच सांगतोस ना गिऱ्हाइकांना, जुना रंग नीट खरवडला नाही तर वरून कितीही हात मारा, खालचा दिसतोच. मग खरवड की!"

शनिवारी बायको मावसबहिणीकडे गेली आणि पॉलिशवाल्याने घरीच हत्यारं काढली.

काम त्याने चोख केलं. स्पीकरच्या जाळीवर कागद चिकटवला. मागच्या तारा सोडवल्या, खोका खिडकीच्या उजेडात आणला. डाग बारीक पॉलिश पेपरने घासला. चपड्यात, म्हणजे लाखेच्या पॉलिशमध्ये, रंगाचे थेंब टाकून, टाकाऊ फळकुटावर चारदा लावून पाहून, हवा तो अक्रोडी उतरवला. मग कापसाच्या बोळ्याने हात चढवत गेला. पाचव्या हातानंतर डाग कुठे होता हे त्याचं त्यालाच सापडेना. मेलेल्या माणसाचा हात पुसायला त्याला चाळीस मिनिटं लागली.

खोका जागेवर ठेवला, पण तारा जोडल्या नाहीत. वरून सुकलं, तरी ताजं पॉलिश आतून कडक होईपर्यंत लाकूड थरथरू देऊ नये, हा त्याचा नेम होता. एक संध्याकाळ डाव्या खोक्यावर भागलं असतं.

ती आली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चिडली तर चिडू दे, रडली तर रडू दे, आज एकदाचं कळू दे, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

तिने रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, न बघता सवयीने हात ठेवला. पलीकडे डाव्या खोक्यातून सतार सुरू झाली.

तिने हात उचलून पुन्हा ठेवला. मग दुसरा हातही ठेवला. आवाजाचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या.

"अगं, हळू कर!" तो तिच्या पाठीमागून ओरडला. "सगळी गल्ली गोळा होईल! एवढी त्याची आठवण येते?"

ती वळली नाही. त्याने पुढे होऊन तिचा खांदा धरला. ती पांढरीफटक पडली होती. तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले.

"तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही हो," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी या हातांनी ऐकत होते. आज हातही बहिरे झाले."