टेबलाखालची खूण
“वॉर्डात नर्सनं विचारलं तेव्हा तुमचे यजमान स्वतःच म्हणाले होते, ‘ठीक आहे, तक्रार नाही’,” इस्पितळाचा वकील म्हणाला. मॉरीनचं डोकंच फिरलं. “अहो, यॉर्कशरचा माणूस आहे तो, तिकडचे लोक कधी कुरकुरत नाहीत! शवपेटीतूनही हेच सांगेल! अंग तापानं फणफणलं होतं, जखम चिघळली होती, ते डॉक्टरांना दिसलं नाही? विष रक्तात भिनलं, गुडघ्याखाली पाय कापला, आणि भरपाई मागितली की म्हणे तक्रार नव्हती!” वकील वरमला. चहाचा कप पुढे सरकवत त्यानं तिच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारलं, “आता कशी आहे तब्येत, मिस्टर ॲकरॉइड?” नवरा तोंड उघडतोय हे पाहून मॉरीननं टेबलाखालून त्याला सणसणीत लाथ हाणली. ‘गप्प बस’ सांगायची त्यांच्या संसारातली ही जुनी खूण. प्लास्टिकच्या पायावर बूट टक्कन आपटला. त्याला काहीच जाणवलं नाही. तो हसून म्हणाला, “ठीक आहे. तक्रार नाही.”